चाराचे आठ एमबी

“मॅडम, खरं सांगू? यात रॅम टाकून काही उपयोग नाही. नवीनच घ्या.”

काउंटरमागच्या तरुणाने हे माझ्याकडे न बघताच सांगितलं. माझा कॉम्प्युटर त्याच्या काचेच्या काउंटरवर झाकण काढून आडवा पडला होता. तेरा वर्षं झाली त्याला, मान्य. हल्ली एखादं पान उघड म्हटलं की विचार करत बसतो, तेही मान्य. म्हणून काय उचलून फेकायचा?

“नवीन घेऊ का, असं विचारलं का मी तुला?” मी म्हटलं. “रॅम आहे की नाही, तेवढं सांग.”

“जुन्या मालात शोधावी लागेल.”

“मग शोध. मी बसते.”

आणि बसलेच, स्टुलावर ठिय्या देऊन. बाहेर जळगावचा एप्रिल रटरटत होता. तरुणाने शोधायला जायच्या आधी ब्लोअर घेतला आणि मशीनच्या पोटात वारा सोडला. करडी धूळ भसकन बाहेर आली, दुकानातल्या दोघांनी नाकाला रुमाल लावला. मी नाही लावला. तापलेला पत्रा, जुन्या वायरी आणि धूळ, असा मिळून एक वास असतो. मला तो आवडतो. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

‘नवीनच घ्या’ हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पंचवीस वर्षांची होते. तेव्हाही मला तितकाच राग आला होता.

आमचा छापखाना जुन्या गावातल्या एका बोळात होता. पुढे छपाईची ट्रेडल मशीन, मागच्या भिंतीला खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस, आणि दोन्हींच्या मध्ये, जिथे पूर्वी कागदाची रिमं रचलेली असायची, तिथे माझा कॉम्प्युटर. ट्रेडल दिवसभर खटॅक-धप, खटॅक-धप चालायची. शाळेतून येताना बोळाच्या तोंडाशी तो आवाज आला की पोटातली भूक जागी व्हायची, कारण आवाज आहे म्हणजे आबा आहेत आणि आबा आहेत म्हणजे गल्ल्याशेजारच्या बरणीत शेंगदाणे आहेत. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडच्या खेड्यातून जळगावला खिळे जुळवायला आलेला माणूस. गिऱ्हाइकाशी ते अगदी जपून, शाळामास्तरासारखं मराठी बोलायचे, आणि आमच्याशी अहिराणी. रागावले की तर निव्वळ अहिराणी.

छापखान्यात शाईचा वास असायचा, रॉकेलचा असायचा, उन्हाळ्यात दाराला लावलेल्या ओल्या वाळ्याचा असायचा. खिळे धुवायच्या पांढऱ्या पेट्रोलचा वास आबांच्या बोटांतून कधी गेलाच नाही. त्यांनी वरणभात कालवून भरवला तरी घासाला तो वास यायचा, आणि मी तोंड वाकडं न करता खायचे. आज तसा घास कुणी दिला तर मी दोन्ही हातांनी घेईन.

कॉम्प्युटर आला तेव्हा मी कॉलेज संपवून टायपिंग शिकले होते. त्यात चार एमबी मेमरी होती. आता चार एमबी म्हटलं की पोरं हसतात, एका फोटोलाही पुरत नाही म्हणतात. हसा. त्या चार एमबीवर मी बोळातल्या निम्म्या घरांच्या लग्नपत्रिका पडद्यावर जुळवून लावल्या, बारशाची आमंत्रणं लावली, गणेश मंडळांच्या पावत्या लावल्या. एका वेळी एक पान. दुसरं उघडायच्या आधी पहिलं बंद करायचं, नाहीतर तो रुसायचा.

त्याला आमचा उन्हाळा मात्र सोसत नव्हता. मार्च लागला की मी त्याचं झाकण काढायचे ते दिवाळी झाल्यावरच बसवायचे. आडव्या पेटीचं पोट उघडं, त्यावर टेबलफॅन सोडलेला, आणि मॉनिटर शेजारी लाकडी खोक्यावर. बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय. जळगावात तेव्हा कितीतरी जणांनी असंच ठेवलं होतं, उगीच नाकं मुरडू नका. पंख्याच्या वाऱ्याने आतली धूळ उडायची आणि आणखी येऊन बसायची.

दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. आबा सकाळी ट्रेडलला रॉकेलच्या बोळ्याने नखशिखांत पुसायचे, चाकाला झेंडूची माळ घालायचे, कागद कापायच्या मशीनच्या पात्यालाही कुंकू लावायचे. कॉम्प्युटर आला त्या वर्षी ते तबक घेऊन त्याच्यापाशी थबकले.

“ह्याले कुंकू कोठे लावू?”

मी पेटीच्या कडेचा पत्रा दाखवला.

“पत्र्याले काय लावनं? काम करनारं तं आतमा शे.”

असं म्हणून ते वाकले आणि उघड्या पोटात हळदीची चिमूट, कुंकवाची चिमूट आणि चार अक्षता अशा हळुवार टाकल्या, की जणू आत कुणी झोपलंय. मला म्हणता आलं असतं, आबा, आत काही टाकू नका. नाही म्हटलं. त्यांनी माझ्या पेटीला ट्रेडलच्या पंगतीत बसवलं, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की डोळे भरून आले. तो पहिला दसरा, मग दुसरा, तिसरा आणि चौथा. दर वर्षी झाकण उघडं आणि दर वर्षी अक्षता.

चौथ्या दसऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात असोदा गावचे बागायतदार नाना आले. मोटारसायकल बोळात घुसवली, हँडलला लटकवलेली भरताची वांगी आणि केळीची फणी काढून आबांच्या पुढ्यात ठेवली, आणि मग पिशवीतून तीन जाड वह्या काढल्या. नाना चाळीस वर्षं केळी लावत आलेले. वह्यांत त्यांनी बागेतली स्वतःची एकेक चूक लिहून ठेवली होती. मुनवे, म्हणजे लावणीचे कोंब, कुठले निवडले आणि ते कसे सडले, पाणी कधी जास्त झालं, पानावर डाग आला तेव्हा कशाला काय समजून बसलो. आणि प्रत्येक चुकीशेजारी चित्र. काळ्या शाईने, बारीक रेघांनी काढलेलं. पानाचा डाग, मुळाची गाठ, खोडातली अळी.

“चार छापखाने फिरलो,” नाना म्हणाले. “इतके चित्रं पाह्यले का लोक हात जोडता. तुह्या मशीनवर व्हईन का वं पोरी? म्या जे चुकलो ते बाकीच्याईनं कायले चुकावं? मृगाची केयी लावायच्या आधी लोकाईच्या हाती पुस्तक पडलं पाह्यजे. आखाजीपर्यंत पानं लावून दे.”

“होईल,” मी म्हटलं. विचार न करता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळच आली होती. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मजकूर झरझर झाला. मग एका फोटो स्टुडिओतून चित्रं स्कॅन करून फ्लॉप्यांवर आणली आणि खरी गंमत सुरू झाली. पहिलं चित्र पानात बसलं, दुसरं बसलं. तिसरं घातलं की पडद्यावर करडी चौकट यायची, मेमरी पुरत नाही म्हणून. ‘ओके’ दाबलं की सगळं गोठायचं. बंद करा, चालू करा, पुन्हा तेच. अकराव्या पानाच्या पुढे गाडी जाईना. दिवसभर मी त्या चौकटीला शिव्या घालायचे, आणि त्या मी इथे लिहिणार नाही.

हे सगळं माझा दादा बघत होता. दादा वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्याला त्या जागेत झेरॉक्स आणि एसटीडी बूथ टाकायचा होता. “आबा, हे यंत्र दर पानाला आचके देतंय,” तो म्हणाला. “भुसावळचा एक क्लासवाला घेतोय. मुलांना शिकवायला चालेल त्याला. आखाजीच्या आदल्या दिवशी येतो म्हणालाय.”

“आणि मी काय करू?” मी विचारलं.

“बूथवर बस. मीटर बघायचं, चिठ्ठी फाडायची. उन्हात पंख्याखाली बसून काम.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षं जी अक्षरं मी लावली, जोडाक्षरांचे पाय जुळवले, वेलांट्या जागेवर बसवल्या, ते सगळं म्हणजे काय पंख्याखाली बसणं होतं? मी आबांकडे बघितलं. आबा खिळे वेगळे करत होते. हातातली ओळ आधी केसमध्ये सुटी केली.

“नानानं पुस्तक पुरं व्हयनं तं मशीन ऱ्हाई,” शेवटी ते म्हणाले. “नई व्हयनं तं दादा म्हनस तसं.”

आखाजीला नऊ दिवस होते.

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मोठं, थंडगार, काचेचं दार, आत चपला काढून जायचं. तिथल्या साहेबांनी मॉडेल विचारलं आणि हसून सांगितलं, यात मेमरी वाढवण्यात अर्थ नाही, असला माल आता येत नाही, नवीनच घ्या. मी म्हटलं, पेटीत दुसरी खाच रिकामी आहे, मी बघितलीय, तिथे आणखी चार एमबी बसतील. “तुम्ही उघडून बघितलं?” ते असं म्हणाले, जसं काही मी त्यांच्या घराचं कपाट उघडलं. बाहेर आले तेव्हा चपला इतक्या तापल्या होत्या की पाय भाजले. तशीच चालत निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची एसटी पकडली. आबांच्या ओळखीचे उस्मानचाचा पाचकंदील चौकाजवळ रेडिओ दुरुस्त करायचे, आणि अलीकडे कॉम्प्युटरही उघडून बसतात असं ऐकलं होतं. पाळधी, एरंडोल, पारोळा. खिडकीतून गरम वारा, मोकळी पडलेली कापसाची काळी रानं, पुढच्या बाकावर माहेरी निघालेल्या लेकी. आखाजीला खानदेशात लेक माहेरी येते म्हणजे येतेच. त्यांच्या पिशव्यांतून नव्या बांगड्यांची किणकिण यायची आणि एकमेकींना न ओळखणाऱ्या त्या बायका पारोळ्यापर्यंत एकाच सुरात गौराईची गाणी म्हणायला लागल्या. मीही म्हटलं. राग मनात तसाच ठेवून म्हटलं.

चाचांचं दुकान म्हणजे एक फळी आणि भिंतभर पोट फाडलेले रेडिओ. राळेचा धूर, तापलेल्या कथलाचा वास. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“मशीन मेली नाही बेटी, दुकानदार कंटाळला,” ते म्हणाले. मग खोक्यात हात घालून त्यांनी एका मोडलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेली पट्टी बाहेर काढली. हिरवी, बोटभर लांब, वर काळे चौकोन. “चार एमबी. आता बघ. सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. दात काळे पडले तर शाळेतलं खोडरबर फिरव. तिरकी घाल, मग उभी कर. दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् वाजल्या पाहिजेत. नाही वाजल्या तर जोर करू नको, आत बघ. धूळ असली तर पांढऱ्या पेट्रोलचा ब्रश फिरव आणि पूर्ण वाळू दे. तुमच्याकडे पेट्रोल तर असणारच.”

“काय द्यायचं चाचा?”

“चालली तर भाचीच्या लग्नाची पत्रिका छान लावून दे. नाही चालली तर परत आण.”

दुपारच्या गाडीने आले. छापखान्यात शिरल्या शिरल्या पेटीपुढे बसले. पट्टी तिरकी घातली, उभी केली. डाव्या बाजूची क्लिप टक् वाजली. उजवी वाजली नाही. आत बघ, असं चाचांनी सांगितलं होतं. मी काय केलं? जोर केला. मी अशीच आहे, आजही. अंगठ्याने दाबलं, उजवी क्लिप कशीबशी अडकली, आणि मी बटण दाबलं.

ट्यां. ट्यां. ट्यां. पडदा काळाच.

पट्टी काढली, तसा तो पूर्वीसारखा मुकाट चालू झाला. घातली की पुन्हा बोंब. दादाने त्याच थंडगार दुकानातला मेकॅनिक बोलावला, तो उगवला चौथ्या दिवशी. त्याने एकदा वाकून पाहिलं, आवाज ऐकला आणि हात झटकले. “खाच गेलीय. म्हणजे बोर्डच गेला. ही पट्टी पण गेलेली असणार.” दादा म्हणाला, “बघ, मी सांगत होतो.” सगळ्यात जास्त ते लागलं. मोठ्याने रडले नाही, पण रडले. आखाजीला चार दिवस होते. बोळातल्या कडुलिंबाला पोरींनी झोके बांधले होते आणि त्यांचा गलका खिडकीतून आत येत होता. मला हाक मारायला दोघी आल्या. मी त्यांना घालवून दिलं.

मग मी डोळे पुसले आणि विचार केला. पट्टी गेलीय, हे त्याने कशावरून ठरवलं? जुनी पट्टी काढली, चाचांची पट्टी जुनीच्या जागी घातली. दोन्ही क्लिपा टक् टक् वाजल्या. बटण दाबलं आणि पेटी मेमरीचे आकडे मोजायला लागली. म्हणजे पट्टी ठणठणीत! मी इतक्या मोठ्याने ओरडले की आबांनी ट्रेडल थांबवली.

“काय व्हयनं?”

“काही नाही. तुम्ही चालू ठेवा.”

मग बॅटरी घेतली, आरसा घेतला आणि त्या दुसऱ्या खाचेत वाकून वाकून बघितलं. चार वर्षं ती रिकामी होती, तोंड वर करून. तळाशी, उजव्या टोकाला, दातांच्या मधोमध काहीतरी रुतलं होतं. पांढुरकं, लालसर. सुई घातली तर ते आणखी आत जाईल अशी भीती. बोट जाईना.

आबांकडे एक चिमटा होता. जुळवलेल्या ओळीतून एखादा चुकीचा खिळा, शेजारच्यांना धक्का न लावता उचलायचा चिमटा. तो ते कुणाला देत नसत. दादाला दिला नव्हता, मला दिला नव्हता. मी जाऊन हात पुढे केला.

“चिमटा द्या. खाचेत कचरा अडकलाय.”

“तुले जमाव नई,” म्हणत ते उठले. हात फडक्याला पुसले, पेटीशी आले, चष्मा काढून कपाळावर सरकवला. मी बॅटरी धरली. त्यांनी चिमट्याचं टोक खाचेत घातलं. जरा थांबले, हलकेच उचललं. दिव्याखाली धरलं.

कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा होता.

आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. ट्रेडल थांबलेली, त्यामुळे झोक्यावरच्या पोरींचं गाणं स्पष्ट येत होतं. आबांचा चेहरा असा झाला की मला तो बघवेना. एखाद्या लहान मुलाने भांडं फोडावं तसा.

“मनाच हातनी अक्षत,” ते स्वतःचा हात बघत म्हणाले.

“मीच तुम्हाला अडवलं नाही,” मी म्हटलं. “दर वर्षी झाकण उघडं मीच ठेवलं. आणि खरं सांगू, पुन्हा दसरा आला तरी नाही अडवणार. फक्त झाकण लावेन.”

त्यांना हसू आलं. मला आधी हसू आलं आणि मग पुन्हा रडू आलं, दोन्ही एकदमच. दाणा त्यांनी खिशात टाकला. मग त्यांनीच पांढरं पेट्रोल आणलं, बारीक ब्रशने खाचेचा एकेक दात धुतला, खिळे धुवायचे तसा, घाई न करता. लालसर पाणी कापसाने टिपून घेतलं. मी पट्टीच्या दातांवर खोडरबर फिरवलं. पेट्रोलचा वास पार उडेपर्यंत आम्ही पेटी तशीच ठेवली, वायर भिंतीपासून काढून. दोघांनी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. त्या भरताची चव अजून जिभेवर आहे.

मग पट्टी तिरकी घातली. उभी केली. टक्. टक्.

काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावायला लागले. चार वर्षं मी ते बघत आले होते. चार हजार शहाण्णवपाशी थांबायचे. मी त्या आकड्यावर श्वास रोखला. ते तिथे आले आणि थांबलेच नाहीत. पाच हजार, सहा हजार, सात. आबा पुटपुटत मोजत होते. आठ हजारांच्या पुढे जाऊन थांबले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कीबोर्डवर पडले. पोर जन्मल्याचं कळल्यावर पेढे वाटायला धावावं तसे ते बोळात गेले आणि चार ऐवजी आठ झाल्याचं चहावाल्याला सांगून आले. चहावाल्याला काय कळलं असेल, देव जाणे.

पुढचे तीन दिवस मी जागेवरून फक्त जेवायला उठले. चित्र, चित्र, चित्र. पानाचा डाग, मुळाची गाठ, अळी. करडी चौकट आली नाही. नाना एकदा डोकावून गेले, पडद्यावर स्वतःच्या हातची अळी बघून म्हणाले, “माही बाग खाऊन गेली, आता मलेबी सोडत नई वाटते!” आणि पोट धरून हसले. त्या वर्षी मी झोक्यावर बसले नाही. घरी सणाच्या आधीच पुरणाच्या पोळ्या खापरावर होत होत्या, माझ्या वाट्याच्या डब्यात आल्या. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

“मॅडम, सापडली,” काउंटरमागचा तरुण धुळीने माखलेले हात घेऊन आला. “पण गॅरंटी नाही हं. आणि लावायला आमचा माणूस आज सुट्टीवर आहे.”

“मी लावते.”

“तुम्ही?”

“बाजूला हो जरा.”

खाचेत बॅटरी मारून आधी आत बघितलं. तेवढं शिकले आहे आयुष्यात. मग पट्टी घातली, आणि त्याच्या तोंडाकडे न बघता बटण दाबलं. चाललं. चालणारच होतं. तो म्हणाला, “तरी पण मॅडम, अजून दोन वर्षं फार तर.” मी म्हटलं, दोन वर्षांत मी काय काय करीन याची तुला कल्पना आहे का? जुनं झालं, आता बस, हे सांगणारा मला प्रत्येक वयात भेटला आहे. आधी काचेच्या दाराआड होता, मग बँकेत होता, मग घरातही होता. मी एकाचंही ऐकलं नाही आणि माझं काही वाकडं झालं नाही. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन घरी येताना मला तो आखाजीचा आदला दिवस आठवत होता.

दुपार होती. पुस्तकाची सगळी पानं लावून झाली होती आणि प्रुफांचा गठ्ठा आबांच्या पुढ्यात होता. भुसावळचा क्लासवाला ठरल्याप्रमाणे आला होता. सोबत गोणपाट आणि सुतळी, माझी पेटी गुंडाळायला. दादाने त्याला बाकावर बसवून चहा मागवला. मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते, कुणी ओढून काढलंच तर बरोबर मीही जाईन अशी. आबांनी प्रुफं हातात घेतली होती. बोटाने ओळ धरून वाचत होते, एकेक पान, पहिल्यापासून. क्लासवाल्याचा चहा संपला. दादाने दोनदा घसा खाकरला.

शेवटच्या पानावर आबांचं बोट थांबलं. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, मुद्रणालयाच्या नावाखाली बाण काढला आणि पान माझ्याकडे सरकवलं.

“हाई ओळ ऱ्हायनी.”

मी वाचलं. त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, अक्षरजुळणी, आणि पुढे माझं नाव. पूर्ण नाव.

“आबा, जुळणी करणाऱ्याचं नाव कुणी छापत नाही,” मी म्हटलं. “तुम्ही तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं जुळवली. तुमचं नाव छापलं का कुणी, एकदा तरी?”

“म्हनीसनच सांगस.”

दादा म्हणाला, “आबा, हे पाहुणे खोळंबलेत. मशीनचं काय सांगू?”

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ट्रेडलकडे वळले.

“त्यास्ले सांग, मशीन रिकामं नई शे.”

मी पडद्याकडे वळले आणि ती ओळ लावली.